एकोणशंभर

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेले असते आणि त्यातल्या तारखांच्या चौकटींत गेली काही वर्षे दोन हातांनी नोंदी होत आल्या आहेत. पत्नीच्या अक्षरातल्या नोंदी 'दूध नाही', 'दूध अर्धा लिटर जादा', 'सिलिंडर लावला' अशा कामाच्या असतात, तर माझ्या अक्षरातल्या नोंदींमध्ये आमच्या मुलीने त्या दिवशी उच्चारलेले एखादे वाक्य, जागा पुरेल तेवढे आणि शक्यतो तिच्याच शब्दांत, लिहिलेले असते. दूधवाल्याचा हिशेब महिनाअखेरीस मिटतो. माझी नोंद मात्र तशीच राहते आणि त्यामुळे जुनी कालनिर्णये रद्दीत जाण्याऐवजी कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतात. या सवयीवरून घरात माझी पुष्कळ चेष्टा होते. मुलीला आम्ही घरात मनू म्हणतो, इथेही तेच नाव वापरतो.

आपल्या मुलांचे कौतुक सांगण्याची हौस किती संसर्गजन्य असते, हे ज्याने कार्यालयातली डबा खाण्याची वेळ अनुभवली आहे त्याला वेगळे सांगायला नको. आम्ही सहा-सात जण एकत्र बसतो. शेंगांच्या चटणीची बरणी फिरायला लागली की कोणीतरी 'काल आमच्या पठ्ठ्याने काय केलं माहितीये का' असे म्हणून सुरुवात करतो आणि मग प्रत्येकाला आपापला पठ्ठ्या आठवतो. यात ऐकणाऱ्याचे लक्ष गोष्टीकडे कमी आणि आपली पाळी कधी येते याकडे जास्त असते. मराठीने या वृत्तीवर 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' अशी कायमची मोहोर उमटवून ठेवली आहे. आपल्याला 'तो' आणि दुसऱ्याच्या मुलाला थेट नपुंसकलिंगात ढकलणारे 'ते', ही त्या म्हणीतली खरी गंमत आहे आणि ती माझ्या लक्षात आली ती मनूमुळे. पण त्याकडे पुढे येतो.

न्यायाने वागायचे तर आधी दुसऱ्याच्या बाब्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्या एका सहकाऱ्याच्या चार वर्षांच्या मुलाला वाहनांच्या पाट्या वाचण्याचा नाद आहे. सोलापूरचा क्रमांक एमएच-१३, पुण्याचा १२, लातूरचा २४ आणि धाराशिवचा २५ हे त्याला कोणी बसवून शिकवलेले नाही. आल्या-गेल्याच्या गाड्या पाहून आणि 'ही कुठली' असे विचारून विचारून त्याने ते जमवले आहे. इथवर हे स्मरणशक्तीचे काम झाले. परंतु पुढे त्याने या ज्ञानाच्या आधारे नातेवाइकांची वर्गवारी केली, आणि त्याच्या तीन आत्यांपैकी एक 'बारावाली आत्या' व दुसरी 'चोवीसवाली आत्या' झाली. तिसरी सोलापुरातच, चार गल्ल्या पलीकडे राहते. तिला नुसतेच 'आत्या' म्हणायचे, कारण तिच्या दारातली गाडी आपल्यासारखीच आहे. मागच्या लग्नसराईत त्याने मांडवात एका अनोळखी, फेटा बांधलेल्या वयस्कर गृहस्थांसमोर उभे राहून 'तुम्ही पंचवीसवाले का?' असे गंभीरपणे विचारले. ते गृहस्थ वरपक्षाकडचे होते आणि धाराशिवहूनच आले होते. मुलाने हुंड्याचा आकडा तर विचारला नाही ना, अशा शंकेने दोन्हीकडची मंडळी क्षणभर गोरीमोरी झाली, असे सहकारी सांगतो. हे शेवटचे वाक्य दर वेळी थोडे वाढते, हेही नोंदवून ठेवतो.

आता आमच्या बाब्याकडे, म्हणजे मनूकडे वळतो.

मनूला आकड्यांची गोडी लागली ती साडेचार वर्षांची असताना, आणि ज्या कोणाला मराठीतले आकडे मुलाला शिकवावे लागले आहेत त्याला हे ठाऊक असेल की वीसच्या पुढे आपली भाषा मुलांशी दगाफटका करते. दहापर्यंतचे आकडे पाठ झाले, मग अकरा ते वीसही झाले, तरी एकवीस ते अठ्ठ्याण्णव हा प्रदेश जवळजवळ एकेक पाऊल टाकूनच ओलांडावा लागतो. बावीसमधल्या 'बा'चा दोनशी संबंध आहे हे कळले, तरी बावन्नमध्ये पन्नास नेमका कुठे लपला आहे ते कळत नाही. शिवाय आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. मी 'त्रेचाळीस' म्हणालो की मनू पाटीवर आधी ३ काढायची आणि त्याच्या उजवीकडे ४. मी 'चुकलं' म्हणालो की तिचे उत्तर ठरलेले असे, 'तू तीन आधी म्हणालास.' ती म्हणत होती ते खरे होते.

या ठिकाणी मला एका जुन्या गोष्टीची कबुली द्यावी लागेल. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असे वाचनही दिलेले आढळले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा उसळली होती. त्या समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्याकडे होते. मुलांना जोडाक्षरांनी भरलेले आणि उलट क्रमाने बोलले जाणारे हे शब्द जड जातात, म्हणून आधाराला एक सोपी वाट दिली आहे, जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, असे त्या शांतपणे सांगत होत्या. परंतु ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते, विधिमंडळातही टोलेबाजी झाली आणि मोबाइलवर विनोदांचा पूर आला. ते विनोद मीही दहा-बारा जणांना पाठवले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मनूचा जन्म झाला. नारळीकरबाई २०२३ साली गेल्या आणि त्यानंतर काही महिन्यांनी, पाटीवर चौथ्यांदा ३४ लिहून माझ्याकडे रागाने पाहणाऱ्या मुलीसमोर मी 'अगं, चाळीस तीन' असे म्हणालो. तिने तत्काळ ४३ लिहिले.

माझ्या आईचे माहेर अक्कलकोटचे असल्यामुळे तिला कानडी मराठीइतकीच येते आणि सोलापुरात ती भाजी घेताना दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरते. नातीचा हा झगडा पाहून तिने एका दुपारी कानडी आकडे म्हणून दाखवले. कानडीत वीस म्हणजे इप्पत्तु आणि त्यापुढे इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु असे वीस-एक, वीस-दोन सरळ चालत जाते. मनूने ते डोळे बारीक करून ऐकले आणि 'आजी, तुझे आकडे शहाणे आहेत' असा निर्वाळा दिला. नव्याण्णवला कानडीत तोंबत्तोंबत्तु म्हणतात, हे ऐकल्यावर मात्र ती जी हसत सुटली ती रात्री झोपेपर्यंत थांबली नाही. पुढे आठवडाभर घरात ज्या-ज्या वस्तू पुष्कळ होत्या त्या सगळ्या तोंबत्तोंबत्तु होत्या.

आणि याच सुमारास ती गोष्ट घडली जिच्यावरून या लेखाला नाव दिले आहे. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो. मनूने वय विचारले, मी सांगितले, आणि ती अडखळली. 'चाळीस की नाही चाळीस?' मी म्हटले, अजून चाळीस नाही, एक कमी आहे. ती गप्प बसली. संध्याकाळी भाकरीचा तुकडा दुधात बुडवत असताना, कोणी काही विचारलेले नसताना, ती स्वतःशीच म्हणू लागली: 'एकोणीस, मग वीस. एकोणतीस, मग तीस. एकोणचाळीस, मग चाळीस.' आपण जन्मभर हे शब्द वापरतो, पण पुढच्या दशकाचे नाव येण्याआधीच घेतलेले असते आणि 'एकोण' म्हणजे एक उणा, हे मला स्वतःला कोणत्या वयात उमगले ते आठवत नाही. बहुधा कोणीतरी सांगितल्यावरच उमगले असावे. तिने ते दुधाच्या वाटीत पाहत शोधून काढले. मी श्वास रोखून एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद असा तिचा प्रवास ऐकत राहिलो, आणि शेवटी तिने विजयी मुद्रेने वर पाहून 'एकोणशंभर!' असे जाहीर केले.

'एकोणशंभर नाही गं, नव्याण्णव,' मी म्हणालो.

'का?'

याला उत्तर नव्हते. आठ वेळा पाळलेला नियम मराठी भाषा नवव्या वेळेला मोडते, एवढेच खरे होते. (हिंदी तर त्याहून एक पायरी आधीच दम टाकते, तिथे ७९ ला उन्यासी म्हणतात, पण ८९ ला नवासी.) 'असंच म्हणतात,' हे बापाच्या भात्यातले सगळ्यात बोथट हत्यार मी बाहेर काढले आणि तिने नाराजीने वाटी बाजूला सारली. त्या तारखेच्या चौकटीत 'दूध नाही'च्या खाली मी लिहिले आहे: 'एकोणशंभर. मी चूक म्हणालो.'

काही दिवसांनी ही गोष्ट मी संस्कृत शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना सांगितली, अर्थातच थोड्या ऐटीत. ते हसले, उठले, कपाटातून वाल्मीकी रामायण काढले आणि नव्याण्णवाव्या सर्गाच्या समाप्तीची ओळ माझ्यापुढे धरली. तिथे 'एकोनशततमः सर्गः' असे छापलेले होते. संस्कृतात नवनवति हा शब्द आहे आणि एकोनशत हाही आहे. मराठीपर्यंत पोहोचला तो पहिला. म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलीने दूधभाकरी खाता खाता जो शब्द घडवला होता, तो दोन-अडीच हजार वर्षे व्याकरणशुद्ध होता आणि मी, मराठी माध्यमात शिकलेला व वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारा तिचा बाप, त्याला चूक ठरवून मोकळा झालो होतो. त्या रात्री मला झालेल्या आनंदाचे वर्णन करत नाही. ज्यांना मुले आहेत त्यांना ते कळेल आणि इतरांना ते फुशारकी वाटेल, जी ती आहेच.

तेव्हापासून मी मनूच्या चुकांकडे जास्त लक्ष देऊ लागलो आणि तिच्या बरोबर उत्तरांमधला माझा रस कमी झाला. ती 'साडेएक वाजले' आणि 'साडेदोन वाजले' म्हणते. साडेतीनपासून जर साडे चालते तर दीड आणि अडीच मध्येच कुठून उपटले, हा तिचा प्रश्न रास्त आहे. माझ्या वडिलांना त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी एवढेच नव्हे, तर साडेतीनची औटकीसुद्धा पाठ करावी लागली होती. त्यांनी नातीला समजावण्याच्या नादात 'औट दाहे पस्तीस' असे म्हणून दाखवले, तेव्हा तिने 'आजोबा, तुम्ही पण शब्द बनवता?' असे कौतुकाने विचारले.

परवा या शब्दाशीही तिचे वैर होते. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा यांना मराठीत एकच शब्द आहे, हे तिला मान्यच नव्हते. तिने 'मागचा परवा' आणि 'पुढचा परवा' असे दोन तुकडे केले आणि ते इतके सोयीचे ठरले की आता आमच्या घरात सर्रास वापरले जातात. मी एकदा कार्यालयातल्या पत्रव्यवहारात 'पुढच्या परवापर्यंत अहवाल पाठवतो' असे लिहून बसलो होतो.

धाकट्याचा जन्म झाला तेव्हा तिने लिंगविचाराला हात घातला. घरातले सगळे 'बाळ उठलं, ते रडतंय, त्याला घ्या' असे बोलत होते. ते ऐकून दोन-तीन दिवसांनी तिने आजीला विचारले, 'बाळ कधी "तो" होणार?' आजीने सहज 'बारशाला' असे उत्तर दिले आणि विसरून गेली. मनू विसरली नाही. बारशाच्या दिवशी पाळण्याला हात लावून उभी राहिलेली ही मुलगी कानात नाव सांगितले जाताना डोळ्यांची पापणीही लववत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजीच्या तोंडून 'बाळ उठलं का गं?' निघताच तिने 'उठला. आता तो झालाय, काल नाही का झाला?' असे तिला खडसावले. 'दुसऱ्याचं ते कार्टं' या म्हणीतला नपुंसकलिंगाचा मार मला कळला तो तेव्हा.

त्याच ओघात तिला आणखी एक नियम सापडला. डबी लहान आणि डबा मोठा, दोरी बारीक आणि दोर जाड, सुरी भाजीची आणि सुरा खाटकाचा, हे तिने कधी टिपले ते आम्हाला कळलेही नाही. पण कालनिर्णयातल्या श्रावण अमावास्येच्या चौकटीतला 'पोळा' हा शब्द मी तिला वाचून दाखवताच तिने विचारले, 'त्या दिवशी पोळी किती मोठी करतात?' आईच्या माहेरी बैलांचा सण ज्येष्ठ पौर्णिमेला, कर्नाटकी बेंदराला करतात, त्यामुळे तिने नातीला दोन्ही सण, बैलांच्या रंगवलेल्या शिंगांसह, सविस्तर सांगितले आणि शेवटी बैलांना पुरणपोळी खाऊ घालतात असेही सांगितले. मनूने माझ्याकडे वळून 'बघ, बैल मोठा असतो म्हणून पोळा' असे म्हटले. पुराव्याचा एवढा भक्कम आधार मिळाल्यावर तिला चूक कोण ठरवणार?

हे असे वाचत-विचारत गेलो तेव्हा कळले की मुलांच्या बोलण्यावर डोळे लावून बसणारा मी पहिला बाप नाही. चार्ल्स डार्विनला १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा झाला आणि डार्विनने त्याच्या हालचालींच्या, रागाच्या, भीतीच्या, हसण्याच्या नोंदी करायला सुरुवात केली. त्या नोंदींवर आधारलेला लेख त्याने १८७७ साली, म्हणजे मुलगा चांगला बापई झाल्यावर, 'माइंड' या नियतकालिकात छापला. त्यात तो लिहितो की बरोबर एक वर्षाचा असताना मुलाने खाण्यासाठी 'मम' हा शब्द स्वतः निर्माण केला. हे वाचून मी मोठ्याने हसलो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही आजीने डार्विनला सांगितले असते, की बाबा रे, आमच्याकडची झाडून सगळी पोरे भाताला मम्मम्‌च म्हणतात. पण त्याचा अभिमान मला जवळचा वाटला. एवढ्या मोठ्या माणसालाही आपल्याच पोराने शब्द शोधला असे वाटले, तर माझे काय घेऊन बसलात.

दुसरी गोष्ट १९५८ सालची. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक पक्ष्यासारख्या प्राण्याचे चित्र दाखवले, त्याला एक निरर्थक नाव दिले, मग दोन प्राणी दाखवले आणि वाक्य अर्धवट सोडले. चार ते सात वर्षांच्या मुलांनी पूर्वी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन करून दाखवले. म्हणजे मुले शब्द पाठ करत नसून नियम शोधत असतात. हे वाचल्यावर मला राहवते आहे थोडेच. त्याच रविवारी मी वहीच्या मागच्या पानावर सहा पायांचा, एका शिंगाचा एक प्राणी काढला आणि मनूला म्हणालो, 'हे एक टिमरू.' शेजारी आणखी एक काढला. 'आता ही दोन...?'

'टिमरं,' ती तत्क्षणी म्हणाली. पाखरू-पाखरं, लेकरू-लेकरं या चालीवर, एका क्षणात, एकही नियम न सांगता. मी आनंदाने पत्नीला हाक मारणार, तेवढ्यात मनूने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

'पण बाबा, टिमरू असं काही नसतंच. तू खोटं शिकवतोयस.'

एवढे बोलून तिने दोन्ही टिमरांवर फुली मारली. डबा खाताना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा 'टिमरं'पाशी थांबतो. पुढचा भाग पहिल्यांदाच लिहितो आहे.

मनू आता पहिलीत आहे. नव्याण्णव तिला नीट येते, दीड-अडीच येते, त्रेचाळीस ती न अडखळता लिहिते, आणि 'करलं'चे 'केलं' कधी झाले ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. त्या दिवसाची नोंद नाही. गेल्या महिन्यात कपाट आवरताना जुने कालनिर्णय तिच्या हाती लागले. ती फरशीवर पालथी पडून एकेक चौकट वाचत होती, मधूनच हसत होती, मधूनच 'मी असं नव्हते म्हणाले' असे बजावत होती. 'एकोणशंभर'पाशी येऊन ती थांबली.

'ई, किती चुकीचं. बाबा, हे खोड ना.'

मी तिला रामायणातल्या सर्गाची गोष्ट सांगायला घेतली, पण शाळेत बाईंनी शिकवलेल्याच्या पुढे रामायणाचे फारसे चालले नाही. मी चहा ठेवायला उठलो. परत येऊन पाहतो तर तिने माझ्या शब्दावर पट्टी धरून सरळ रेघ मारली होती आणि खाली, टोक काढलेल्या पेन्सिलीने, ठळक अक्षरांत लिहिले होते: 'नव्यान्नव'. ण्ण च्या जागी न्न पडला आहे. मी काही बोललो नाही.